दोनास एक

पोर्तो अलेग्रेत जुलै म्हणजे हाडांत शिरणारा वारा.
आख्ख्या इमारतीत ऊब असते एकाच कपाटाला,
पंचवीस अंश, दिवसरात्र : माश्यांच्या.

उजाडायच्या आत झुल्मिरा येते
नुकत्या कोशातून निघालेल्या माद्या वेचायला,
नराशी गाठ पडण्याआधी.
फिक्या असतात त्या, पंख अजून घडी न मोडलेले,
पोटात एक काळसर ठिपका.
त्या ठिपक्यावरून ती ओळखते
कोण अजून कुणाची नाही.

माझ्याकडे पातेलं.
मक्याचं पीठ, यीस्ट, काकवी, अगर,
गुठळी होऊ न देता ढवळायचं,
बाटल्यांत ओतायचं, कापसाची बुचं मारायची.
नातवंडांची पेज असावी तसा वास माझ्या स्वेटरला.
आणि दुपारी मोजणं.

पहिल्या महिन्यात मला पांढरे डोळे दिले होते.
आई पांढऱ्या डोळ्यांची, बाप लाल डोळ्यांचा.
खाण तशी माती म्हणतात.
इथे खाणी दोन, आणि माती गेली आडव्या वाटेनं :
लेकी झाडून साऱ्या बापासारख्या लाल,
लेक झाडून सारे आईसारखे पांढरे.
मी आधीच चौकट आखून हे लिहिलं होतं.
दहा दिवसांनी बाटली उघडली, अगदी तसंच.
त्या संध्याकाळी बसमध्ये
मी लोकांच्या डोळ्यांकडे जरा गुर्मीतच पाहिलं.

मग आले कुरळे पंख.
नर कुरळा, मादी कुरळी,
दोघांच्याही पोटात एकेक सरळपणा दडलेला.
चौकटीत चार घरं. तीन कुरळी, एक सरळ.
हे तर अन्सेल्मोलाही येतं, आणि तो फक्त काचा धुतो.

इथरचा वास. पांढरी फरशी.
ब्रशच्या टोकानं कुरळे डावीकडे, सरळ उजवीकडे.
एकशे अठ्ठ्याण्णव.
एकशे तीन.

पुन्हा मोजलं. भिंग पुसून पुन्हा.
तीनशे एकांत सरळ हव्या होत्या पंच्याहत्तर,
फार तर ऐंशी.
हातात पेन्सिल, खिशात रबर.
अठ्ठावीस पंख तेवढे वळवायचे होते,
आणि वहीत पंख वळवायला काही लागत नाही.

झुल्मिरा कधी मागे येऊन उभी राहिली कळलं नाही.
'इवोनेची, आलेले मोजलेस.
न आलेले?'

तिनं माझ्या चौकटीतल्या एका घरावर बोट ठेवलं,
जिथे कुरळेपण आईकडूनही येतं, बापाकडूनही.
नखाखाली पीठ होतं तिच्या.
'हे घर रिकामं. इथली अंड्यात संपतात, नाहीतर अळीत.
एकीकडून मिळालं तर पंख वळतो,
दोहोंकडून मिळालं तर जीव जातो.'

म्हणजे वाटणीत ज्याचा हिस्सा मी धरून चालले होते
तो वारस उंबऱ्यापर्यंत आलाच नव्हता.
तीनास एक नव्हे, दोनास एक.
आकडा चुकला नव्हता.
शंभरेक जण गैरहजर होते
आणि त्यांची हजेरी उरलेल्यांच्या प्रमाणात लागली होती.

मी रबर आत ठेवलं.
मोजून झालेल्या माश्या तेलाच्या बरणीत ओतल्या,
कुरळ्या, सरळ, सगळ्या एकत्र.

चारला पाणी गरम झालं, भोपळ्यात हिरवी पूड भरली.
खिडकी थरथरत होती.
मी म्हणाले, 'आमच्या घरी आम्ही तिघं.
माझ्या आधी एक...'

'थांब,' ती म्हणाली.
'चार हा फार लहान आकडा आहे.
एका घरावरून प्रमाण काढायचं नसतं.'

मग तिनं पाणी ओतलं.
पाळी अन्सेल्मोची होती.
भोपळा तिनं माझ्या हातात दिला.